लहान ट्रॅक्टर : त्याचे गुण व मर्यादा

आपल्या नाशिक जिल्ह्यांतील पुष्कळ शेतकरी कुटुंबांत एक प्रश्न वारंवार निघतो : लहान ट्रॅक्टर विकत घ्यावा कीं न घ्यावा ? या प्रश्नाचा विचार दोन्ही बाजूंनीं करूं.

प्रथम गुण पाहूं. निफाड व दिंडोरी तालुक्यांतील द्राक्षबागा तुम्हीं पाहिल्याच असतील. वेलींच्या दोन ओळींत साधारणपणें ८ ते १० फूट अंतर असतें व डोक्यावर तारांचा मांडव असतो. अशा जागीं मोठा ट्रॅक्टर वळवितांना वेल दुखावण्याचें भय असतें. लहान ट्रॅक्टर मात्र तेथून सहज जातो. उदाहरणार्थ, महिंद्र कंपनीचा ‘युवराज २१५’ हा १५ अश्वशक्तीचा असून त्याचें वजन ८०० किलोच्या आंतच आहे. ४५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर सुमारें २ टनांचा असतो. वजन कमी, म्हणून मुळांवरील माती कमी दबते व डिझेलहि कमी लागतें.

परंतु खरा लाभ वेळेचा आहे. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर पालवी कोंवळी असतां अवकाळी पाऊस झाला, कीं डाऊनी, म्हणजे केवडा रोग, झपाट्यानें पसरतो. त्या वेळीं फवारणी उद्यांवर टाकून चालत नाहीं. एका एकराचे ४३,५६० चौरस फूट होतात. ओळींत ९ फूट अंतर धरल्यास ओळींची एकूण लांबी ४,८४० फूट, म्हणजे सुमारें दीड किलोमीटर भरते. ताशीं ४ किलोमीटर वेगानें तेवढें अंतर २२ मिनिटांत संपतें. वळणें घेणें व टांकी भरणें यांचा वेळ निराळा. ज्याच्या दारीं ट्रॅक्टर उभा आहे, त्याची बाग अशा दिवशीं वांचूं शकते.

आतां मर्यादा. ट्रॅक्टर केवळ इंजिनाच्या बळावर ओढीत नाहीं. चाकांची जमिनीवर पकड असावी लागते, व ती पकड बव्हंशीं वजनावर अवलंबून असते. म्हणून काळ्या, कठीण जमिनींत खोल नांगरट करूं गेल्यास हलक्या ट्रॅक्टरचीं चाकें जागच्या जागीं फिरतात. बागेंत जें हलकेपण गुण ठरलें, तेंच येथें उणीव ठरतें. भरलेली जड ट्रॉली उतारावर मागून रेटूं लागली, तर तीहि त्यास आवरत नाहीं. चाकांतील अंतर थोडें असल्यामुळें बांधावर कलंडण्याचा धोका असतो. तेव्हां मुलांनीं गंमत म्हणून ट्रॅक्टरवर कधींहि चढूं नये.

दुसरी मर्यादा पैशाची. इ. स. २०१५–१६ च्या कृषिगणनेप्रमाणें महाराष्ट्रांत एका खातेदाराची सरासरी जमीन १·३४ हेक्टर, म्हणजे सुमारें सव्वातीन एकर होती. एवढ्या शेतांत ट्रॅक्टर वर्षांतील बरेच दिवस उभाच राहतो. कर्जाचा हप्ता मात्र पाऊसपाणी पाहून येत नाहीं. दोघां-तिघां भावांनीं मिळून तो घेतला, तर भार हलका होतो. पण रोग सर्वांच्या बागेंत एकाच दिवशीं येतो. म्हणून पहिली पाळी कोणाची, हें आधींच ठरवावें, नाहींतर यंत्र एक व भांडणें तीन अशी अवस्था होते.

यावरून निर्णयाचें सूत्र असें दिसतें : जें काम थांबूं शकत नाहीं, त्यासाठीं यंत्र स्वतःचें असावें, जें थांबूं शकतें, त्यासाठीं भाड्याचें. फवारणी व आंतरमशागत घरच्या लहान ट्रॅक्टरनें करावी. खोल नांगरटीस मोठा ट्रॅक्टर भाड्यानें आणावा. ज्याच्या शेतांत बाग नाहीं, केवळ बाजरी किंवा थोडा कांदा आहे, त्यानें कर्ज काढण्यापूर्वीं दोनदां विचार करावा.

वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं या सुटींत एक गणित घरीं सोडवावें. गेल्या वर्षीं ट्रॅक्टरचें काम किती दिवस पडलें व भाडें किती गेलें, हें वडिलांस विचारून लिहावें, आणि त्यासमोर वर्षाचा हप्ता, डिझेल व दुरुस्ती मांडावी. पालकांनींहि तें गणित तपासावें. दुकानांत सही करण्यापूर्वीं घरच्या वहींतील ही बेरीज पाहिलेली बरी.