जाते आणि गाणे

पूर्वी महाराष्ट्रातील खेड्यांत दिवसाची पहिली चाहूल लागे ती जात्याच्या घरघरीने. तांबडे फुटण्यापूर्वीच घरोघरच्या स्त्रिया उठत, जात्याभोवतालची जागा झाडून घेत आणि दळायला बसत. पिठाच्या गिरण्या तेव्हा गावोगाव पोहोचल्या नव्हत्या. त्यामुळे भाकरीचे पीठ घरीच दळावे लागे. एका हाताने खुंटा धरून वरचा जड दगड फिरवायचा आणि दुसऱ्या हाताने मूठ मूठ वैरण घालायची. आज दळलेले पीठ लवकरच संपे आणि पुन्हा तोच खुंटा, तोच दगड, तेच गरगर फिरणे. कित्येक स्त्रियांचे सारे आयुष्य या फेऱ्यात निघून जाई. याहून कंटाळवाणे काम ते कोणते असणार?

परंतु याच कामाने मराठी भाषेला एक अमोल देणगी दिली. ती म्हणजे जात्यावरची ओवी. जात्याला गती येताच तोंडी ओवी येई. समोरासमोर बसलेल्या दोघींपैकी एकीने चरण म्हणावा आणि दुसरीने तो उचलावा, अशी रीत होती. पहिल्या ओव्या देवाच्या आणि आईबापांच्या असत. मग माहेरची आठवण, भावाची वाट पाहणे, लेकराचे कौतुक, पंढरीची वारी, सासुरवासाचे दुःख असे जे जे मनात साठलेले असे, ते ते ओठांवर येई. जे कोणाजवळही बोलता येत नसे, ते जात्याजवळ बोलता येई. जात्याचा फेरा रोजचाच असे. ओवी मात्र नवी असे.

खानदेशातील बहिणाबाई चौधरी या अशाच एक कष्टकरी स्त्री. त्यांचा जन्म १८८० साली जळगावजवळील असोदे या गावी झाला. लहानपणीच त्यांचे लग्न झाले आणि ऐन तारुण्यात त्यांना वैधव्य आले. शेत आणि घर यांच्या कामांत त्यांचे आयुष्य गेले. त्यांना लिहितावाचता येत नव्हते. पण डोळे व मन सदैव जागे होते. विहिरीवरची मोट, चुलीवरचा तवा, झाडाला टांगलेला सुगरणीचा खोपा यांवर त्या काम करता करताच गाणी रचीत.

खानदेशात जात्याला 'घरोट' असेही म्हणतात. दळता दळता बहिणाबाईंना या जात्याच्या नावाचेच नवल वाटले. ज्यातून पीठ येते, त्याचे नाव 'जाते' का असावे, असा विचार त्यांनी आपल्या गाण्यात गुंफला. 'जाते' हा शब्द अगणित माणसांनी रोज उच्चारला असेल. परंतु त्यात दडलेली ही गंमत बहिणाबाईंनी टिपली. वस्तू जुनी, शब्द जुना. नवी होती ती केवळ पाहणाऱ्याची दृष्टी.

ही गाणी हवेत विरून जाण्याचा मोठा धोका होता. सुदैवाने बहिणाबाईंचे पुत्र, कवी सोपानदेव आणि त्यांचे एक आप्त यांनी त्यांतील काही लिहून ठेवली. १९५१ साली बहिणाबाई निवर्तल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्रे यांना दाखविली. अत्र्यांनी त्या गाण्यांचे मोल ओळखले आणि १९५२ साली त्यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईंची गाणी' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. जी गाणी उतरून घेतली गेली नाहीत, ती मात्र कायमची हरपली.

इतर असंख्य स्त्रियांच्या ओव्याही अशाच हरपल्या असत्या. साने गुरुजींनी 'स्त्री जीवन' या ग्रंथात पुष्कळ ओव्या संगृहीत केल्या. पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह गावोगाव हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. त्यांत रामसीतेच्या ओव्या आहेत, तशाच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविषयीच्याही आहेत.

आता गिरण्या आल्या आणि जाते मागे पडले. स्त्रियांचे कष्ट कमी झाले, ही आनंदाचीच गोष्ट होय. दळताना हात दुखत, झोप मोडे. ओवीने दगड हलका होत नसे. म्हणून कष्टांचा गौरव करण्याचे कारण नाही. गौरव करावयाचा तो कष्टांतही जाग्या राहिलेल्या मनाचा.

सतत फिरून जात्याचा दगड गुळगुळीत होतो. मग तो नुसताच फिरतो, दाणे नीट दळत नाही. अशा वेळी त्याला टाकी लावीत. छिन्नीने बारीक खाचा पाडीत, म्हणजे तेच जाते पुन्हा चांगले दळू लागे. नित्याच्या कामाने मनही असेच गुळगुळीत होते. तीच शाळा, तीच वाट, तेच पाढे! परंतु रोजच्या वाटेवरच्या झाडाला आज नवी पालवी फुटली आहे, हे ज्याला दिसते, त्याच्या मनाला टाकी लागली असे समजावे.