बिम मॉडेलचा हिरवा रंग आणि टाकीतले क्यूब

बांधकामाचे माहिती-प्रतिमान, म्हणजे साइटवर ज्याला सर्रास ‘बिम मॉडेल’ म्हणतात ते, नुसते त्रिमितीय चित्र नसते. त्यातील प्रत्येक खांबाला, व्हॉल्व्हला आणि पंपाला स्वतंत्र ओळखक्रमांक असतो व त्या क्रमांकाशी खरेदी, बसवणी आणि चाचणी यांच्या नोंदी जोडलेल्या असतात. महामेट्रोने नागपूर मेट्रोच्या उभारणीत त्याला वेळापत्रक आणि खर्च यांची जोड देऊन ‘फाइव्ह-डी बिम’ वापरले, आणि आता भिवंडीजवळच्या माणकोली-पूर्णा पट्ट्यात गोदाम बांधणाऱ्या मालकासमोरही सल्लागार त्याच उदाहरणाचा हवाला देतात.

भिवंडीतील अशाच एका गोदामावर प्रस्तुत लेखकाकडे मालकाच्या वतीने गुणवत्ता-तपासणी होती. मॉडेलमध्ये फरशीच्या काँक्रीटचा एक पट्टा हिरवा, म्हणजे ‘२८ दिवसांची चाचणी उत्तीर्ण’ असा दिसत होता. प्रत्यक्षात तो भरून जेमतेम पंधरवडा झाला होता, आणि ज्यांच्या दाबचाचणीवरून हा निकाल ठरतो ते १५० मिलिमीटरचे क्यूब, वर रंगाने घातलेल्या तारखेसह, क्युरिंगच्या टाकीत बुडालेलेच होते. आयएस ४५६ हे मानक काँक्रीटची श्रेणी २८ दिवसांच्या ताकदीवरून ठरवते, एवढे तरी तिथल्या बिम सल्लागाराला ठाऊक असायला हरकत नव्हती. ‘सिस्टिममध्ये अपडेट आहे ना, मग झालं,’ हे त्यांचे उत्तर; बैठकीच्या इतिवृत्तात मात्र तपासणाऱ्याचीच ‘नकारात्मक वृत्ती’ नोंदवली गेली. पुढे ‘बसवला’ अशी नोंद असलेला अग्निशमन पंप ताडपत्रीखाली खोक्यातच सापडला, तेव्हा त्या वृत्तीविषयी कोणी चकार शब्द काढला नाही.

याचे मूळ करारात होते, कारण ठेकेदाराचे चालू बिल घटकाच्या रंगाशी बांधलेले होते आणि रंग बदलण्याचा अधिकारही त्याच्याच माणसाकडे होता. म्हणून बिल मागणाऱ्याने नोंद करावी, पण मान्यता दुसऱ्याने द्यावी, आणि तीही क्यूबचा अहवाल किंवा यंत्रावरील निर्मात्याच्या पट्टीचा अनुक्रमांक दिसेल असा फोटो जोडल्यावरच. घटकाला मॉडेलमधील नोंदीशी जोडणारे क्यूआर कोडचे स्टिकर आगाऊ छापून खणात ठेवू देऊ नयेत. माल गेटवर उतरून चलनाशी ताडल्यावरच ते लावावेत, आणि उघड्यावरच्या यंत्राला धातूची पट्टी लावावी, कारण कागदी स्टिकर पहिल्या पावसातच निघतो. नियमित बैठका आणि प्रशिक्षण हवे, हे ओघाने आलेच.

मॉडेल आयएफसी या खुल्या स्वरूपात, कोणी कोणती नोंद केव्हा बदलली याच्या इतिहासासह, शेवटचा हप्ता देण्यापूर्वीच ताब्यात घ्यावे. या गोदामाच्या मालकाला सगळे पैसे चुकते केल्यावर मिळाली ती फक्त पाहता येणारी फाइल, आणि सल्लागार आजही नव्या गिऱ्हाइकांना तेच हिरवे मॉडेल दाखवतात.