गाठोड्यांत काय बांधावें?

विद्यार्थिमित्रहो, सुटी संपवून वसतिगृहास निघतांना तुम्ही पेटी भरतां. कपडे, पुस्तकें, अंथरूण घेतां. पण भाताचें पातेलें कोणी घेत नाहीं, कारण तें तेथें असतेंच. जावा भाषेंत मोठ्या संस्थांचे प्रोग्राम लिहिणारांसही हाच विचार करावा लागतो.

जावा ही संगणकाची भाषा इ. स. १९९५ मध्यें प्रसिद्ध झाली. तींतील पुष्कळ कामें इतरांनीं आधींच लिहून ठेविलेलीं असतात. अशा तयार संग्रहास ‘लायब्ररी’ म्हणतात, व ती ‘जार’ नांवाच्या फायलींत मिळते. प्रोग्रामाचा वेब-विभाग ‘वॉर’ फायलींत, आणि सर्व विभाग मिळून ‘इअर’ फायलींत बांधतात. हें गाठोडें सर्व्हर उघडून चालवितो. तें बांधतांना तीन नियम पाळावे.

पहिला नियम: सर्व्हर जें पुरवितो तें बांधूं नये. वेबवरील मागण्या घेणारी ‘सर्व्हलेट’ लायब्ररी अशांपैकीं होय. मेव्हन ह्या बांधणीच्या साधनांत तिच्यापुढें ‘प्रोव्हायडेड’ असें लिहितात. मग ती प्रोग्राम तयार करितांना उपयोगी पडते, पण गाठोड्यांत जात नाहीं.

दुसरा नियम: जें अनेक विभागांस लागतें तें एकदांच ठेवावें. त्यासाठीं इ. स. २००६ च्या जावा ईई ५ पासून इअरमध्यें ‘लिब’ नांवाचा सामाईक कप्पा आहे. आमच्या एका माजी विद्यार्थ्यानें एकच जार तेथेंही ठेविली व वॉरमध्येंही ठेविली, आणि दोन रात्री जागून काढिल्या. सर्व्हर म्हणे, ‘ग्राहक’ ही वस्तु ‘ग्राहक’ नव्हे! कारण असें कीं, जावांत वस्तूच्या नमुन्यास ‘क्लास’ म्हणतात, आणि त्याची ओळख केवळ नांवावरून होत नाहीं. तो कोणत्या ‘लोडरा’नें आणिला हेंही पाहिलें जातें. एकाच नांवाचे दोन गांवचे दोन मुलगे जसे निराळे, तसे दोन लोडरांनीं आणिलेले हे दोन क्लास निराळे ठरले. वॉरमधील प्रत काढितांच दोष नाहींसा झाला.

तिसरा नियम सर्वांत महत्त्वाचा: गाठोड्यांत काय आहे ह्याची यादी ठेवावी. एक लायब्ररी आपल्याबरोबर दुसरी आणिते, व दुसरी तिसरी. इ. स. २०२१ च्या डिसेंबरांत, प्रोग्रामाची रोजनिशी लिहिणाऱ्या ‘लॉगफोरजे २’ ह्या लायब्ररींत एक भयंकर दोष उघडकीस आला. परक्यानें पाठविलेली एक विशिष्ट ओळ रोजनिशींत उतरतांच सर्व्हर त्याच्या हातीं जाऊं शके. धोक्याच्या मापावर त्यास १० पैकीं १० गुण मिळाले. सुधारलेली आवृत्ति लौकरच निघाली. परंतु ही लायब्ररी आपल्याकडे आहे कीं नाहीं, हेंच अनेकांस ठाऊक नव्हतें. त्यांनीं ती मागितलीच नव्हती. दुसऱ्या लायब्ररीचा हात धरून ती इअरमधील वॉरमध्यें येऊन बसली होती. मेव्हनच्या ‘डिपेंडन्सी ट्री’ ह्या आज्ञेनें कोण कोणाबरोबर आलें ह्याची वंशावळ दिसते. ती आधींच पाहणारांस त्या दिवशीं शोधाशोध करावी लागली नाहीं.

पालकहो, आपलीं अनेक खातीं व नोंदी अशाच गाठोड्यांच्या भरंवशावर असतात. तेव्हां हें काम शिकणाऱ्या मुलास ‘प्रोग्राम चालला का?’ एवढेंच विचारूं नये. ‘त्यांत काय काय बांधलें आहेस?’ हेंही विचारावें. ज्यास ह्याचें उत्तर यादीसह देतां येईल, त्याच्याच हातीं दुसऱ्याचें काम सोंपवावें, असें आम्हांस वाटतें.