एमआय रूममध्ये न येणारा रिक्रूट

चि. मुक्ता,


आरएमओ (रेजिमेंटल मेडिकल ऑफिसर) म्हणून ट्रेनिंग सेंटरवर हजर झालीस, बरं वाटलं. नव्या बॅचमधलं कोण जायबंदी होणार हे आधी ओळखता येईल का आणि त्यासाठी एफएमएस (फंक्शनल मूव्हमेंट स्क्रीन) चाचणी लावावी का, असं तू विचारलं आहेस. लाव, पण तिच्यावर विसंबू नकोस. सात हालचाली, प्रत्येकीला ३ गुण, एकूण २१; बेरीज १४ किंवा त्याखाली गेली की धोका, हे गणित मध्यंतरी फार जोरात होतं. मोठ्या तुकड्यांवर तपासल्यावर दिसलं की कमी गुणांची कितीतरी मुलं ठणठणीत राहतात आणि चांगल्या गुणांची दुखावतात. शरीर कुठे आखडलंय हे ती चाचणी दाखवते. त्याहून जास्त तिच्याकडे मागू नये.

खरं भाकीत दोन साध्या गोष्टी करतात: आधी दुखापत झाली होती का, आणि धावायला वेळ किती लागतो. ऑस्ट्रेलियाच्या सैन्यात दीड हजारांवर रिक्रूटांवर स्ट्रेचिंगचा प्रयोग झाला. व्यायामाआधी पाय ताणून दुखापती काही कमी झाल्या नाहीत. ज्यांचा दमसास कमी, तीच मुलं जास्त जखमी झाली. अमेरिकन सैन्याने तळपायाची कमान बघून धावण्याचे बूट वाटले, त्यानेही फरक पडला नाही. तेव्हा बुटांच्या मागे फार वेळ घालवू नकोस.

धावेची वेळ पीटी उस्तादांच्या वहीत असते. जुनं दुखणं मात्र त्या मुलालाच ठाऊक असतं आणि तो ते सांगत नाही. का सांगेल? सातारा-सांगलीकडचा पोरगा भरतीच्या १.६ किलोमीटरसाठी महिनोन् महिने पहाटे डांबरी रस्त्यावर धावून आलेला असतो. बहुतेकदा नडगी तिथेच कुरकुरायला लागलेली असते. अग्निवीरांतून चार वर्षांनी फार तर २५ टक्के कायम होणार, हे त्याला पाठ असतं. रेलिगेट होऊन मागच्या बॅचमध्ये जायचं, घरी फोनवर ते सांगायचं, या विचाराने तो एमआय रूममध्ये, म्हणजे तुझ्या तपासणीच्या खोलीत, सिक रिपोर्टला येतच नाही. आला तर पाय मोडूनच येतो. तुझी खरी कसोटी या न येणाऱ्या मुलाशी आहे.

म्हणून पहिल्याच आठवड्यात, उस्ताद समोर नसताना, एकेकाला बोलाव. ‘काही त्रास आहे का?’ असं विचारलंस तर ‘नाही साहेब’ हेच उत्तर येणार. ‘भरतीची तयारी कुठे केली? किती दिवस पाय दुखून बसावं लागलं?’ असं विचार. आणि त्याने सांगितलेलं त्याच्याविरुद्ध वापरलं जाणार नाही, याची तजवीज आधी कंपनी कमांडरकडून करून घे. एका मुलाला खरं बोलल्याची शिक्षा झाली, तर ती बातमी रात्रीतून सगळ्या बॅरेकमध्ये पोचते.

हे लवकर कळणं का गरजेचं, ते हाडाच्या स्वभावात आहे. गवंडी भिंतीचा कमजोर भाग आधी फोडतो आणि मग नवा बांधतो, तसंच हाडही भार वाढला की करतं. फोडायचं काम साधारण तीन आठवड्यांत उरकतं, भरून पक्कं व्हायला तीनेक महिने लागतात. मधल्या काळात हाड कच्चं असतं, आणि नेमकं तेव्हाच पिठ्ठू (पाठीवरचं ओझं), ड्रिल, रपेट आणि रगडा (शिक्षेची कसरत) सगळं एकदम सुरू होतं. १८५५ मध्ये प्रशियाच्या सैन्यातला डॉक्टर ब्राइटहाउप्ट याने कूच करून सुजलेल्या पावलांचं वर्णन केलं होतं. ते हाडातल्या चिरेमुळे होतं, हे क्ष-किरण आल्यावर १८९७ मध्ये दिसलं. दुखणं जुनंच आहे, फक्त आपण ते वेळेत बघत नाही.

नडगी तपासताना घाई करू नकोस. आतल्या कडेवर अंगठा खालून वर सावकाश सरकव. चार बोटांच्या पट्ट्यात पसरलेलं दुखणं बहुधा शिन स्प्लिंट असतं. एकाच ठिकाणी, नाण्याएवढ्या जागेत मुलगा दचकला, एका पायावर उडी मारताना तिथेच कळ आली, रात्रीही ठणकतं म्हणाला, तर हाडातली ती चीर, म्हणजे स्ट्रेस फ्रॅक्चर, समजूनच चाल. एक्स-रे पहिले दोन-तीन आठवडे कोरा येऊ शकतो. तेवढ्यावरून ‘नाटक करतोय’ असं कोणी म्हणालं तर तिथल्या तिथे अडव.

आणि जांघेत दुखतंय म्हणणाऱ्याला उडी मारायला लावूच नकोस. मांडीच्या हाडाच्या मानेत चीर असेल आणि ती वरच्या बाजूला असेल, तर एका पावलात हाड सरकू शकतं, खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो आणि विशीतल्या मुलाचा खुबा कायमचा जाऊ शकतो. कुबड्या दे, भार काढ, त्याच दिवशी एमआरआयसाठी पाठव. इथे कोणाची भीड धरू नकोस.

परतीबद्दल. ‘सात दिवस एक्सक्यूज पीटी’ अशी चिठ्ठी लिहून मोकळं होण्याची आपल्याकडे सवय आहे, ती मला कधीच पटली नाही. आठव्या दिवशी तो मुलगा थेट पूर्ण कंपनीबरोबर धावतो आणि पंधरवड्यात पुन्हा तुझ्या दारात येतो. चिठ्ठीवर तारखेऐवजी पायऱ्या लिही: दाबल्यावर दुखत नाही, भरभर चालताना दुखत नाही, मग थोडं चालणं थोडं धावणं, मग सलग धाव, पिठ्ठू सगळ्यात शेवटी. वेग, अंतर आणि वजन एकाच वेळी वाढवायचं नाही. दरम्यान त्याला बॅरेकमध्ये झाडू मारत बसवू देऊ नकोस. सायकल, पोहणं, वरच्या अंगाचा व्यायाम चालू ठेव, नाहीतर दमसास जातो आणि धोका वाढून परत येतो. गुडघ्यातल्या एसीएल या स्नायुबंधाची शस्त्रक्रिया झालेल्या जवानाला तर नऊ महिन्यांच्या आत उड्या आणि वळणाची धाव देऊच नकोस, आणि नंतरही दुसऱ्या पायाच्या निदान ९० टक्के ताकद आल्याशिवाय नाही.

मुलींची बॅच आली तर पाळी नियमित येते का, हे विचारायला लाजू नकोस. जेवण कमी आणि मेहनत जास्त झाली की पाळी थांबते, आणि मग हाड झिजतं. अमेरिकन नौदलाच्या महिला रिक्रूटांना कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व दिल्यावर स्ट्रेस फ्रॅक्चर सुमारे २० टक्क्यांनी कमी झाले होते.

कमांडंटसाहेबांपुढे जाशील तेव्हा इस्रायलच्या सैन्याचं उदाहरण ने. १९८०च्या दशकात तिथे एका पाहणीत ३१ टक्के रिक्रूटांना स्ट्रेस फ्रॅक्चर सापडले होते. पुढे रात्रीची किमान सहा तास झोप सक्तीची केली, कूच कमी केली आणि प्रमाण ६० टक्क्यांहून अधिक घटलं. त्यांच्या तयारीबद्दल कोणी शंका घेणार नाही, त्यामुळे हा मुद्दा ऐकला जाईल. आधी मात्र आपल्या सेंटरचं रजिस्टर काढ आणि गेल्या बॅचमध्ये कोणत्या आठवड्यात, कोणत्या कंपनीत, काय दुखलं, ते एका कागदावर मांड. पीटी उस्तादांना तो कागद साहेबांच्या आधी दाखव. वेळापत्रकात बदल झाला तर तो अमलात आणणारे तेच आहेत.

तुझा,
अण्णाकाका