वेग मागच्याचा

नवी मुंबईतल्या सायकलवाल्याला चढ शोधत लांब जावं लागत नाही. फणसवाडी-चाफेवाडीकडे चढणारा खारघरच्या टेकडीचा रस्ता सेक्टरांच्या डोक्यावरच आहे. पनवेलहून नेरे ओलांडलं की गाढी नदीच्या खोऱ्यातून गाढेश्वर धरण, मालडुंगे आणि मग धोधाणी, समोर माथेरानचा कडा. उरणजवळच्या करंजा बंदरातून लाँचने रेवसला उतरलं की अलिबागचा किनारा सुरू. जोडून आलेल्या सुट्टीत दोघांना हे तिन्ही करता येतं. मी आणि माझ्या दादरच्या मित्राने ते केलं, त्यातून जे हाती लागलं ते लिहितोय. सायकल कोणती घ्यावी हा विषय दुकानदारांवर सोडतो, त्यांना तो फार आवडतो.

आधी रस्त्याचं. मुंबईकडून येणाऱ्या मित्राला निघायच्या आदल्या दिवशीच सांगा की अटल सेतूवर सायकलला मनाई आहे. यायचं ते वाशीच्या खाडीपुलावरून. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवरही सायकल चालत नाही. उरणकडे जाणाऱ्या रस्त्यावर बंदराच्या कंटेनरची रांग असते, म्हणून तो टप्पा उजाडता उजाडता उरका. पावसाळ्यात खारघरच्या पांडवकडा धबधब्याकडे जायला पोलीस बंदी घालतात. ती मोडून आत शिरण्यात काही पराक्रम नाही. तिथे माणसं वाहून गेली आहेत. डोंगरातल्या सायकलीला नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने बरे.

पहिला दिवस खारघरच्या चढाला द्या, तोही घाई न करता. तो दिवस हवा तो मित्राची चाल ओळखण्यासाठी. बरोबरच्या माणसाला चढावर किती दम लागतो, उतारावर तो किती घाबरतो, भूक लागली की चिडतो की गप्प होतो, हे चहाच्या टपरीवर बसून कळत नाही. आमच्यात उलटसुलट प्रकार निघाला. चढावर तो पुढे, उतारावर मी. असं असलं की जो त्या क्षणी ताकदवान तो सुटतो आणि दुसरा त्याच्या मागे धापा टाकत आपल्या दमाबाहेर सायकल हाणतो. दुपारपर्यंत दोघांची तोंडं दोन दिशांना.

यावर उपाय साधा आहे आणि तो निघण्यापूर्वी, मन शांत असताना ठरवायचा. चढावर हळू जाणारा पुढे. त्याच्या मागे राहताना दुसऱ्याला कंटाळा येईल, येऊ दे. उतारावर मात्र सराईत पुढे, कारण मागच्याला त्याच्या चाकाची वाट दिसते. पण दोघांत अंतर इतकं हवं की पुढचा पडला तर मागच्याला थांबता येईल. आणि प्रत्येक फाट्यावर पुढच्याने थांबायचंच, मागचा डोळ्यांनी दिसेपर्यंत. ‘फोन करीन ना’ हे उत्तर चालणार नाही, डोंगराच्या कुशीत रेंजचा भरवसा नसतो.

उताराविषयी थोडं जास्त लिहायला हवं, कारण डोंगरात हाडं मोडतात ती बहुतेक उतारावर. आपल्याकडच्या कच्च्या वाटेवर खाली घट्ट मुरूम किंवा कातळ आणि वर सुटी खडी असते. पुढचा ब्रेक एकदम दाबला की चाक त्या खडीवर सरकतं. उतार लागण्याआधी सीट खाली करा, दोन्ही पेडल एका पातळीत ठेवा, बूड सीटवरून उचलून मागे न्या, कोपर सैल सोडा. ब्रेक दोन्ही वापरायचे, पण सतत धरून ठेवायचे नाहीत. दाबा, सोडा, पुन्हा दाबा. धरूनच ठेवलेत तर डिस्क तापते आणि नेमका खालच्या वळणावर ब्रेकचा जोर कमी होतो. खड्ड्याकडे बघत राहिलात तर खड्ड्यातच जाल, नजर मोकळ्या वाटेवर ठेवा. आणि शंका आली की उतरून चाला, मित्र काय म्हणेल याचा विचार न करता.

सामान दोघांत वाटून घ्यायचं, पण डोळे मिटून अर्धं-अर्धं नव्हे. दोघांच्या चाकांचा आकार एकच असेल तर जादा ट्यूबचा एकच संच दोघांना पुरतो. एकाची सायकल २९ इंची आणि दुसऱ्याची २७.५ असेल तर ट्यूब आपापली घ्या. गावातल्या पंक्चरवाल्याकडचा कंप्रेसर मोटारसायकलच्या जाड व्हॉल्व्हला बसतो. तुमचा पातळ प्रेस्टा व्हॉल्व्ह असेल तर बोटाच्या पेराएवढा पितळी अ‍ॅडॉप्टर खिशात हवाच. हातपंप, चेन तोडायचं हत्यार, चेन जोडायची क्विक लिंक आणि षटकोनी पान्यांचा जुडगा एकाकडे, औषधं दुसऱ्याकडे.

आता डिरेल्युअर हँगर. मागचे गिअर बदलणारा सांगाडा ज्या छोट्या अ‍ॅल्युमिनियमच्या तुकड्यावर लटकतो, तो हा. सायकल उजव्या कुशीवर पडली की तो वाकतो किंवा तुटतो, आणि तो असा मुद्दाम केलेला असतो, म्हणजे फ्रेम वाचते. अडचण अशी की प्रत्येक मॉडेलचा हँगर वेगळा, मित्राचा तुम्हाला बसेलच असं नाही. म्हणून ज्याने त्याने आपला जादा हँगर ठेवावा. तोही नसेल तर डिरेल्युअर काढून चेन आखूड करून एकाच गिअरवर सायकल घरापर्यंत आणता येते. हे काम आधी एकदा घरी करून बघा, रस्त्यात उन्हात बसून शिकू नका.

पाणी माणशी तीन लिटर. मिठा-साखरेचं पाणी घरीच करता येतं, लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. चिक्की, खजूर, केळी भूक लागायच्या आधी खा. धोधाणीकडे जेवणाची अपेक्षा असेल तर जातानाच कुणाला तरी सांगून ठेवा. दुपारी दोनला दारात उभं राहून ‘मावशी, भाकरी मिळेल का’ विचारणं म्हणजे त्यांच्या चुलीवर जुलूम. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, तेव्हा साडेतीनला जिथे असाल तिथून परत फिरा.

या वाटा आपल्यासाठी केलेल्या नाहीत. डोक्यावर मोळी घेऊन येणारी बाई दिसली की आपण उतरून कडेला व्हायचं. भाताच्या बांधावर सायकल घालायची नाही, बांध ढासळतो आणि तो पुन्हा बांधणारा माणूस वेगळा असतो. गुरांपाशी घंटी बडवू नका, हळू या.

करंजाला पोचल्यावर लाँचच्या वेळा आणि ओहोटीचं बंदरावरच विचारा. सायकल चढवताना एकाने आत उभं राहून घ्यायची, दुसऱ्याने धक्क्यावरून द्यायची. एकट्याने खांद्यावर घेऊन हलत्या लाँचवर उडी मारण्याचा हट्ट नको. पलीकडे किहीम, वरसोली, नागावच्या ओल्या वाळूवर सायकल घालायचा मोह आवरत नाही, ते मी समजू शकतो. पण मग त्याच संध्याकाळी ती गोड्या पाण्याने धुवा, बेअरिंगवर जोराचा फवारा न मारता, आणि चेन कोरडी पुसून तेल द्या. नाहीतर दोन दिवसांत ती गंजून लाल होते. पुसायला फडका घरूनच न्या, लॉजचा पांढरा टॉवेल वापरलात तर बिलात लागतो.