जन्मतः वळलेले पाऊल

एखादे मूल वाकडे पाऊल घेऊन जन्मले की, आमच्या पाथर्डीकडील खेड्यांत अजूनही काही जण आईलाच बोल लावितात. ग्रहणात तिने काही चिरले असेल, असे म्हणतात. हा समज सर्वस्वी खोटा होय. जन्मांधाविषयी शिष्यांनी विचारले, तेव्हा प्रभूने त्यास व त्याच्या आईबापांस निर्दोष ठरविले, हे योहानाच्या नवव्या अध्यायात आपण वाचतोच.

या व्यंगावर उपाय आहे. डॉ. पोन्सेती (१९१४–२००९) यांच्या पद्धतीत पाऊल हाताने हळूहळू वळवून दर आठवड्यास नवे प्लास्टर घालितात. पाच-सहा प्लास्टरांनंतर बहुधा टाचेमागील शीर लहानशा छेदाने मोकळी करावी लागते. पुढे आडव्या पट्टीने जोडलेले बूट चार-पाच वर्षांचे होईपर्यंत मुलाने निजताना घालावयाचे असतात. मूल रडते म्हणून ते सोडल्यास पाऊल पुन्हा वळते. आईबापांची खरी कसोटी येथेच लागते. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात या व्यंगाचा समावेश आहे. म्हणून पालकांनी विलंब न करिता सरकारी दवाखान्यात चौकशी करावी.

विद्यार्थीहो, ज्याचे पाऊल लहानपणी सरळ झाले नाही, असा सोबती वर्गात असल्यास त्यास व्यंगावरून हाक मारू नका. त्याच्याबरोबर चालताना आपलीच चाल थोडी मंद करा.