लाल दिवा लागला, की आधी बघ

नेट गेलं की पहिला हात राऊटरच्या बटणाकडे जातो ना तुझा? तो जरा थांबव. बंद करून चालू केल्यावर बऱ्याचदा नेट येतं, हे खरं आहे. पण बटण बंद केलंस की त्या पेटीवरचे दिवे विझतात आणि काय बिघडलं होतं हे सांगणारी खूणच जाते. मग दुपारी पुन्हा तेच, रात्री पुन्हा तेच. "आमच्याकडे नेट असंच आहे" म्हणून वर्षभर सोसत राहणाऱ्या बायका मी पाहिल्यात. तू त्यांच्यातली होऊ नयेस, म्हणून एवढं सांगतेय. तू घरून काम करतेस. मीटिंगमध्ये अर्ध्या वाक्यावर तुझा आवाज तुटतो तेव्हा समोरच्याला तुझा राऊटर दिसत नाही, तूच तयारी न करता आल्यासारखी वाटतेस. हे मला फार लागतं.

आणि हे काम नवऱ्याचं, दिराचं किंवा शेजारच्या इंजिनिअर मुलाचं, असं धरून बसू नकोस गं. मिक्सर अडकला की खालचं लाल बटण तूच दाबतेस, गॅसचा रेग्युलेटर तूच बदलतेस. ही पेटी त्याहून अवघड नाही.

बिघाड बहुतेक वेळा तीनपैकी एका ठिकाणी असतो. बाहेरून घरात येणारी वायर, ती पेटी, किंवा पेटीपासून तुझ्या फोनपर्यंतची मधली हवा. तीनपैकी कुठे ते कळलं की अर्धं काम झालं. नेट गेलं की आधी दुसऱ्या कुणाचा तरी फोन बघ. फक्त तुझ्याच लॅपटॉपवर गेलं असेल तर राऊटरला हात लावूच नकोस. लॅपटॉपमधून ते वाय-फाय 'फरगेट' करून पासवर्ड टाकून पुन्हा जोड. लॅपटॉपच्या नेटवर्कच्या माहितीत आयपी पत्ता 169.254 ने सुरू होत असेल, तर समजायचं की राऊटरकडून त्याला पत्ताच मिळालेला नाही. अशा वेळी मात्र राऊटर जरूर बंद-चालू कर. पण सगळ्यांचंच गेलं असेल, तर दिवे बघ.

आता बऱ्याच घरांत फायबर आलंय, म्हणून त्याचंच सांगते. पेटीवर 'पॉवर', 'पॉन', 'एलओएस', 'इंटरनेट' असे दिवे असतात. 'पॉन' स्थिर हिरवा असेल तर बाहेरून येणारा प्रकाश तुझ्या घरापर्यंत नीट पोचतोय. 'एलओएस' लाल झाला, किंवा लाल लुकलुकायला लागला, तर तो प्रकाश पोचत नाहीये. कुठेतरी वायर तुटली, पिन ढिली झाली किंवा वायर फार वाकली. तेव्हा तू राऊटर कितीही वेळा बंद-चालू केलास तरी फरक पडणार नाही. 'पॉन' हिरवा आहे, 'एलओएस' विझलेला आहे, तरी 'इंटरनेट'चा दिवा बंद किंवा लाल असेल, तर वायर ठीक आहे. मग आधी रिचार्ज संपलंय का ते बघ. तसं नसेल, तर कंपनीच्या बाजूला काहीतरी अडलंय.

त्या वायरबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण रडारड बहुतेक तिथेच असते. भिंतीतून येऊन पेटीच्या मागे लागणारी ती बारीक पिवळी किंवा पांढरी वायर, टोकाला बहुधा हिरवी पिन. तिच्यात केसासारखी बारीक काच असते आणि त्या काचेतून न दिसणारा लेझर प्रकाश धावतो. काच घट्ट वाकली की प्रकाश वळणावर बाहेर निसटतो. पुरती तुटली नसली तरी आत येणारा प्रकाश इतका क्षीण होतो की पेटी कधी ओळखते, कधी नाही. येत-जात राहणाऱ्या नेटचं हे फार मोठं कारण आहे. वायर सोफ्यामागे दाबली गेलीय का, दिवाळीच्या साफसफाईत टीव्ही युनिट मागे ढकलताना मुडपलीय का, खिडकीच्या सरकत्या काचेत चेपतेय का, ते बघ. उरलेली वायर लहान मुठीएवढ्या गुंडाळीत रबर बांधून ठेवली असेल तर ती सोडव आणि थाळीएवढ्या मोठ्या वेटोळ्यात सैल ठेव. हिरवी पिन हलकेच आत ढकल, नीट बसली की टक् असा आवाज येतो. तिच्या टोकाला बोट लावू नकोस, पदराने पुसू नकोस आणि चुकूनही त्यात डोळा घालून बघू नकोस. तो प्रकाश दिसत नसला तरी डोळ्याला अपाय करू शकतो. मुलांनाही हे सांगून ठेव.

दुरुस्तीला मुलगा येईल तेव्हा त्याच्याकडे प्रकाश मोजायचं छोटं मीटर असतं. तो आकडा त्याला मोठ्याने वाचायला सांग. उणे 20 च्या आसपास असेल तर छान. उणे 27 च्या खाली गेला असेल, म्हणजे उणे 28, उणे 29, तर त्या प्रकाशात पेटी चालणं कठीण. "मॅडम, आता चालू आहे" म्हणून तो निघायला लागला तरी आकडा विचारल्याशिवाय जाऊ देऊ नकोस. आज उणे 26 वर चालणारं नेट पहिल्या पावसात जातं. खांबावरच्या जोडणीच्या डबीत पाणी शिरतं, फांदी वायरवर घासते, उंदीर कुरतडतात, नाहीतर रस्ता खोदणारे कुदळ मारतात. ती दुरुस्ती त्यालाच करायची आहे, पण मागणी तू केलीस तर होईल.

आता पेटीकडे ये. दिवे सगळेच एकदम विझून पुन्हा लागत असतील, तर तो पेटीच्या विजेचा प्रश्न आहे. तो काळा ॲडॅप्टर कालांतराने दमतो, आणि पिन ढिली असली तरी असंच होतं. नवा घेताना जुन्यावरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचून घे. व्होल्ट तेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त. घरात पडलेला कुठलाही ॲडॅप्टर केवळ पिन बसते म्हणून लावायचा नाही, पेटी जळेल. पेटीला हवाही लागते. बंद कपाटात, सेट-टॉप बॉक्सवर रचून, वर क्रोशाचा रुमाल घालून ठेवलेली पेटी उन्हाळ्यात तापते आणि अडखळते. तुझ्याकडे लाइट जात असेल तर राऊटरचा छोटा यूपीएस मिळतो, तो घेच. फायबरच्या बहुतेक जोडण्यांत कंपनीच्या केंद्रापासून तुझ्या घरापर्यंत मध्ये वीज लागणारं यंत्र नसतं. तिकडे बॅकअप असेल तर तुझी एक पेटी जिवंत ठेवली की लाइट गेली तरी मीटिंग चालू राहते.

दिवे सगळे ठीक आहेत, राऊटरजवळ बसलं की नेट पळतं आणि बेडरूममध्ये गोल गोल फिरतं? मग गडबड हवेत आहे. राऊटरपासून दोन नावं दिसतात, एकाच्या शेवटी बहुधा 5जी लिहिलेलं असतं. त्याचा मोबाइलच्या 5जी शी काही संबंध नाही. ते 5 गिगाहर्ट्झवर चालणारं वाय-फाय, वेगवान पण भिंतींपुढे लवकर हात टेकणारं. दुसरं 2.4 गिगाहर्ट्झवर, मंद पण लांब पोचणारं. ज्या खोलीत राऊटर आहे तिथे 5 वर राहा, आतल्या खोलीत 2.4 वर जा. मात्र सोसायटीत 2.4 वर फार गर्दी असते. एकाच खोलीत चार मुलं मोठ्यानं पाठांतर करायला लागली की कुणालाच काही नीट ऐकू येत नाही, तसंच या लहरींचं होतं. 2.4 वर एकमेकांत न मिसळणारे चॅनेल 1, 6 आणि 11 हे तीनच. आजूबाजूचे राऊटर कुठल्या चॅनेलवर आहेत ते फोनमधलं फुकट ॲप दाखवतं, त्यातला कमी गर्दीचा निवडायचा. मायक्रोवेव्हही याच 2.4 च्या पट्ट्यात, 2450 मेगाहर्ट्झच्या आसपास चालतो. दूध गरम करताना नेमकं नेट तुटत असेल, तर योगायोग समजू नकोस.

राऊटरची जागा वायरमननं ठरवलेली असते, जिथे भोक पाडणं सोपं तिथे. म्हणजे दाराच्या वरच्या कोपऱ्यात. ती तू बदलू शकतेस. घराच्या मध्याजवळ, छातीच्या उंचीवर, उघड्यावर ठेव. लोखंडी कपाट, मोठा आरसा, फ्रिज, माशांची टाकी यांच्या आड ठेवू नकोस, कारण धातू लहरी परतवतो आणि पाणी त्या पिऊन टाकतं. तुझ्या सासरच्या कोकणातल्या घरासारख्या जाड जांभ्याच्या भिंती असतील तर एका राऊटरवर सगळं घर भागवायचा हट्ट सोड. रिपीटर लावलास तर तो जिथे नेट येत नाही तिथे नको, निम्म्या वाटेवर ठेव. त्यालाही आधी चांगला सिग्नल मिळायला हवा. त्याहून चांगलं म्हणजे आतल्या खोलीपर्यंत लॅनची वायर ओढून तिथे दुसरा राऊटर. फक्त त्या दुसऱ्याला ॲक्सेस पॉइंट म्हणून ठेव, त्याचं पत्ते वाटण्याचं काम बंद कर. दोघंही पत्ते वाटायला लागले तर पुन्हा गोंधळ. खर्च एकदाच होतो आणि मी तुला हाच उपाय सुचवेन.

एक छोटी गोष्ट राहिली. काही ॲप चालतात पण ब्राउझरमध्ये साइटच उघडत नाही, असं झालं तर नावावरून पत्ता शोधणारी डीएनएसची सोय अडलेली असते. राऊटरच्या सेटिंगमध्ये, बहुधा 192.168.1.1 वर, डीएनएसच्या जागी 8.8.8.8 किंवा 1.1.1.1 टाकून बघ. तिथे गेलीच आहेस तर 'ॲडमिन'चा मूळ पासवर्डही बदलून टाक. पेटी बसवणाऱ्या प्रत्येकाला तो ठाऊक असतो.

आता तक्रारीचं. कनेक्शन कुणाच्या नंबरवर आहे ते बघितलंस का? घरमालकाच्या किंवा सासऱ्यांच्या नंबरवर असेल तर ओटीपी तिकडे जातो आणि तू नेट नसताना त्यांना फोन करत बसतेस. तुझा नंबर नोंदवून घे, शांतपणे आग्रह धर. तक्रार करताना "नेट चालत नाही" एवढंच सांगू नकोस. "दुपारी अडीचपासून एलओएस लाल आहे" किंवा "एलओएस बंद, पॉन हिरवा, इंटरनेटचा दिवा नाही, लॅनच्या वायरनेही चालत नाही" असं सांग. बोलणाऱ्याचा सूर बदलतो. तक्रार क्रमांक लिहून घे, आणि नेट खरंच चालू होईपर्यंत तक्रार बंद करायचा कोड कुणाला देऊ नकोस. रोज रात्री नऊ ते अकराच वेग पडत असेल, तर राऊटरला वायर लावून वेग मोज आणि तारखेसकट स्क्रीनशॉट ठेव; वायरनेही वेग पडतो म्हणजे दोष तुझ्या भिंतींचा नाही. प्लॅनची डेटा मर्यादा ओलांडली गेलीय का, तेही ॲपमध्ये तपास. तरी दाद लागली नाही, तर दूरसंचार नियामक ट्रायच्या 2012 च्या नियमांप्रमाणे प्रत्येक कंपनीला अपील ऐकणारी व्यवस्था ठेवावी लागते, तिच्याकडे लेखी जा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा नंबरही फोनमध्ये ठेव. "कनेक्शन बंद होईल, हे ॲप टाका" असा फोन आला तर ऐकून न घेता ठेवून दे.

आणि आजच एक काम कर. नेट व्यवस्थित चालू असताना त्या पेटीचा समोरून फोटो काढ, दिवे नीट दिसतील असा. शेजारी ग्राहक क्रमांक लिहिलेला कागद धर. तो फोटो मलाही पाठव. पुढच्या वेळी नेट गेलं की तो उघड, कुठला दिवा बदललाय ते बघ, आणि मगच बटणाला हात लाव.